राहीबाईच्या चपला

चपला भागवतनेच आणल्या होत्या, श्रीरामपूरच्या बाजारातून. तपकिरी, मऊ तळव्याच्या, वर एकच रुंद पट्टा. मापाचा मात्र मोठा घोळ झाला होता. आईच्या, म्हणजे राहीबाईच्या, पायात चोवीस वर्षं काही नव्हतं. अनवाणी चालून चालून तो पाय भाकरीसारखा पसरला होता आणि जुनं माप घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी भागवतच्या बायकोने, चंद्रकलेने, सासू दुपारची कलंडली असताना सुतळीने पाय मोजला आणि गाठ मारून ती सुतळी नवऱ्याच्या खिशात घातली. "जाग्या झाल्या असत्या तर म्हनल्या असत्या, तिरडीचं माप घेती का गं?" असं ती म्हणाली, आणि दोघी जावा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या.

पुष्पावतीला ते हसू आठवलं आणि मंडपातल्या गर्दीतही ती एकटीच हसली. आज तिला कशावरही हसू येत होतं. राहीबाईचा धाकटा मुलगा, म्हणजे तिचा नवरा गोरक्षनाथ, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत एकदाही फोनची रिंग ऐकून तिच्या छातीत धस्स झालं नव्हतं.

गावात रामनवमीचा सप्ताह बसला होता आणि आज त्याची सांगता, काल्याचं कीर्तन. सात दिवस, सात रात्री मंदिरातली वीणा खाली टेकली नव्हती. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, पाया पडायचा आणि मगच घरी जायचा. मंडपाबाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. धुरळा बसावा म्हणून भागवतने टँकर लावून मंदिरापासून घरापर्यंतची वाट भिजवून घेतली होती.

काल्यातच राहीबाईचा नवस फिटायचा होता. गोरक्षनाथ भरती होऊन नेवाशाच्या स्टँडवर एस.टी.त बसला, त्या दिवशी त्याच्या आईने चपला काढल्या त्या काढल्याच. "त्याच्या पायाखाली काय असंल, बरफ का काटं, मला हितून दिसतंय व्हय? मग माझ्या पायाखाली तरी नुसती माती असू द्या. वर्दी उतरवून घरला आला की घालीन," एवढंच ती बोलली होती. पुढे उसाच्या बुडख्यांतून चालली, बाभळीच्या काट्यांतून चालली, थोरल्या नातवाच्या लग्नात नव्या लुगड्याखाली तसेच उघडे पाय घेऊन वरातीत चालली.

चपला मंडपात आणाव्यात की नाही यावरून दोन दिवस वाद झाला होता. ऐंशीच्या घरातले भिमाजीबुवा, गावाचे वीणेकरी, म्हणाले होते, देवापुढं चामडं नको. पण कीर्तनकार महाराजांनीच तोड काढली. "भरतानं पादुका डोक्यावर घेतल्या तेव्हा देवानं काय विटाळ मानला? आणा बिनघोर!" म्हणून आज लाल कापड अंथरलेल्या पाटावर चपला मांडल्या होत्या आणि पाटापुढे राहीबाई, हातात जपमाळ, मान खाली.

भागवत माईकवर बोलायला उभा राहिला. गेले चार दिवस तो मोबाईलवर भाषण लिहीत होता. "या गावातनं आजपतुर सतरा जन पलटनीत गेले. त्यातला एक आमचा गोरक्षनाथ. आपुन हितं निवांत जेवतो, निवांत झोपतो, ते या मानसांमुळं. त्यांचं उपकार फिटायचं न्हाईत. आमच्या घराला तर सात जन्म अभिमान हाय की..."  टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत राहुरीकडचे पाहुणे बसले होते, तेही मान डोलावत होते. त्यांच्या मुलासाठी पुष्पावतीची लेक दिशा बघायची होती. संध्याकाळी, घरगुती, चहापुरतंच. हे जमवणंही भागवतचंच.

मग महाराजांनी सूत्रं हातात घेतली. त्यांचा आवाज असा, की बोलू लागले की मागचा मृदंग आपोआप दबायचा.

"माझ्या मायबापांनो, सात दिवस तुम्ही वीणेचा पहारा केलात. झोप आली तर गार पाणी डोळ्यांना लावलंत, पण वीणा टेकू दिली नाही. का? पहारा माझा एकट्याचा नाही, माझ्या आधी कुणी उभा होता, माझ्यामागं कुणी उभा राहणार आहे, म्हणून. आता सांगा, सरहद्दीवरच्या लेकराचा पहारा याहून काय वेगळा? त्यालाही झोप येतेच की! तो तिथं जागा, म्हणून तुमचं हे भजन जागं. अशा लेकराच्या आईला आज आपण पायताण घालतोय. लहानपणी तिनं त्याला घातलं, आज तो तिला घालील. गोरक्षनाथ, या!"

"पुंडलिक वरदे हारि विठ्ठल" असा गजर उठला. गोरक्षनाथ आईपुढे बसला. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, आणि पायांत करडे मोजे. चैत्रातही मोजे. पुष्पावतीने सवयीने नजर दुसरीकडे वळवली. त्याने एक चप्पल उचलली, कपाळाला लावली आणि आईचा पाय हातात घेतला.

राहीबाईने पाय मागे ओढला.

गजर चाललाच होता. मागच्यांना काही दिसलं नव्हतं. गोरक्षनाथला वाटलं, आई लाजली. त्याने हसून पुन्हा हात पुढे केला. या वेळी म्हातारीने त्याच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि दुसरीच्या शेजारी नीट जोडून पाटावर ठेवली.

"न्हाई महाराज. न्हाई घालायच्या मला."

टाळ एकेक करत थांबले. माईक जवळच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या मंडपाने ऐकलं.

"माझा पहारा अजून हाय."

पुष्पावतीच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं. पहारा अजून आहे? म्हणजे हे परत चालले? कागदावर सह्या करून आले आणि मला बोलले नाहीत? तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, घराचा पत्ता विसरलेल्या माणसासारखं. नाही, त्यालाही माहीत नव्हतं. मग कोणाचा पहारा? बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला ऊन लागलं." आणि भागवत असा उभा होता, की पाहुण्यांकडे बघावं की आईकडे, हे त्याला उमगेना.

 महाराजांनी राहीबाईला हात जोडले. "आईच्या मनातलं पांडुरंगाला ठाऊक. चपला देवापाशी राहू द्या. काला होऊ द्या!" दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, पोरं ओरडली. पण पुष्पावतीच्या तळहातावर पडलेला काला तसाच राहिला.

*

पंगती बसल्या, आमटी-भाकरी आणि बुंदी. घरची माणसं मात्र घरात जमली, दार लोटून. भिंतीवर हार घातलेला सासऱ्यांचा फोटो, खाली लोखंडी पलंग. पलंगावर राहीबाई बसली आणि बाकीचे उभेच राहिले.

"आई, आगं गावासमूर काय हे?" भागवतचा आवाज फाटला. "चार दिवस झालं भाषण पाठ करतोय मी! पाहुनं काय म्हनत असतील? की घरात येडी म्हातारी हाय?"

"हळू बोल. येडी म्हातारी भैरी न्हाई."

"मग घालायच्या हुत्या की! आला न्हवं त्यो वर्दी उतरवून?"

"एकानं उतरवली," राहीबाई म्हणाली. "दुसरी चढवतीया."

पुष्पावतीला शब्द कळले, अर्थ कळायला वेळ लागला. 'चढवतीया' म्हणजे बाई. घरात बाया किती? मी, चंद्रकलाअक्का... तिने वळून पाहिलं. दाराच्या चौकटीत दिशा उभी होती. वीस वर्षांची पोर, नवी चिंचरंगी साडी संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी नेसलेली, आणि हातात आजीची टाळांची पिशवी घट्ट धरलेली.

"काढ बाळा," राहीबाई म्हणाली.

टाळांच्या जोडीखालून दिशाने घडी केलेला कागद काढला.  "पप्पा, लष्करी पोलिसात. मुलींची भरती असती ना, चार वर्षांची, त्यात. परीक्षा झाली, मैदानी झालं, डॉक्टरी झाली. एकवीस तारखेला हजर व्हायचंय."

 बाहेर वाढपी "बुंदी, बुंदी" ओरडत गेला.

"न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. त्याने कागद हातातही घेतला नाही. "न्हाई जायचं."

"पप्पा, तुमी आधी वाचा तर..."

"न्हाई म्हनलो ना मी!"

चोवीस वर्षांत त्याने घरात आवाज चढवला नव्हता. सुट्टी महिनाभराची, त्यात कोण कुणावर ओरडणार? पुष्पावती दचकली. पण त्याहून जास्त तिला दुसरंच टोचत होतं. ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, माझ्या पोटची पोर. मला ठाव न्हाई आन् तुमच्या टाळाच्या पिशवीत तिचा कागद? ही मैदानी कुठं केली? ही पळाली कवा?"

"रोज पहाटं. मी काकड्याला जाते म्हनून निघायची न्हवं? तिला संगट घेऊन? काकडा आमी परत येताना करायचो. आधी कालव्याची वाट."

"आज्जी माळ ओढायच्या," दिशा पटकन म्हणाली. "मोबाईलमधलं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं ना. पहिल्या दिवशी माझ्या फेऱ्यांना नऊ माळा लागल्या. शेवटी सहावर आले."

"साडेपाचवर," राहीबाईने दुरुस्त केलं. "शेवटच्या दिशी साडेपाच. मी मोजल्यात."

चंद्रकला फिस्सकन हसली आणि लगेच जीभ चावली. पण भागवतला हसू येत नव्हतं.

"म्हंजी ह्या घरात नातीला पळवायला आजी, आन् जगासमूर नाक कापून घ्यायला मी! दिशे, आगं पोरीच्या जातीला का हे काम हाय? उद्या लगीन कोन करील? पाहुनं बाहेर बुंदी खात्यात!"

"खाऊ द्या की," चंद्रकला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षं ही बाई पुष्पावतीशी चुलीच्या लाकडावरूनही भांडली होती. दिशाने भांडं पाडलं तरी 'शिपायाची लेक' म्हणून टोमणा मारायची.

"तुमीच म्हनला न्हवं आत्ता माईकवर? त्यांचं उपकार फिटायचं न्हाईत, सात जन्म अभिमान हाय? मंडपातनं घरला यीस्तवर फिटलं का उपकार? दुसऱ्याचं लेकरू गेलं तर हार, आपलं जातो म्हनलं तर जात निघाली पोरीची. सव्वाशे पावलं हायत मंडपापासनं हितपतुर. तेवढ्यात आटपला तुमचा अभिमान."

"तू गप बस!"

"बसते. पन पोरगी खरं बोलली, तुमी खोटं बोलला, एवढं म्हनून बसते." आणि ती खरोखरच सासूच्या पायाशी फतकल मारून बसली.

गोरक्षनाथ मात्र या कशात नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. "तुमाला वाटतं, पोस्टरवर असतं तसं असतं सगळं," तो हळू म्हणाला. "झेंडा, बँड. फोनवर मी काय सांगायचो? जेवन चांगलं हाय, शेकोटी हाय, दोन-दोन मोजे हायत. आई, तुला सगळं खोटं सांगितलंय मी." तो खाली बसला आणि डाव्या पायाच्या मोज्याला हात घातला.

"नका," पुष्पावती ओरडलीच. "अहो, नका. आत्याबाईंसमोर नका!"

चौदा वर्षं तिने ते झाकलं होतं. तो सुट्टीवर आला की आंघोळीचं पाणी ती स्वतः मोरीत ठेवायची, बाहेर मोजे घेऊन उभी राहायची. कुणी विचारलं तर सांगायची, बुटांमुळं भेगा पडल्यात, औषध लावलंय. म्हातारीचं काळीज, तिला सोसायचं नाही, म्हणून. एवढी एकच गोष्ट तिची आणि नवऱ्याची, बाकी सगळं पलटणीचं.

त्याने मोजा उतरवला. करंगळी नव्हती, शेजारचं बोट नव्हतं. तिथे कातडी ओढून शिवल्यासारखी, चकचकीत, निळसर.

दिशाने तोंडावर हात दाबला. भागवत "आरं देवा" म्हणून पलंगाचा गज धरून उभा राहिला. हाच भाऊ उसाला पाण्याची पाळी देताना आपल्यापुढे लंगडला तेव्हा आपण त्याला 'बसून पगार खाऊन पाय मऊ झालं' म्हणालो होतो, हे त्याला आठवलं असावं. त्याचे डोळे एकदम भरून आले.

"बरफात ऱ्हायली ती दोन," गोरक्षनाथ लेकीकडे बघून म्हणाला. "आमच्या तुकडीतल्या एका पोराचं तर आख्खं पाऊल गेलं. तो तुझ्याएवढा हुता. आता जायचंय?"

पुष्पावती सासूला सावरायला पुढे झाली. आता ही कोसळणार. पण राहीबाई जागची हलली नाही. तिने वाकून मुलाचं पाऊल आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि जिथे बोटं नव्हती तिथे अंगठा फिरवला, ओळखीच्या जागेवर फिरवावा तसा.

"मला म्हाईत हाय रं."

पुष्पावतीचे हात हवेतच राहिले.

"तू आल्ता त्या साली. मोरीतनं निघालास, पुष्पा मोजं घेऊन दारात हुती. तिनं तुला झाकलं, पन तू एक पाऊल शहाबादी फरशीवर टाकलंस. वल्ला ठसा उठला. तीनच बोटं. मी चुलीपाशी हुते. तुमी दोघं खोलीत गेलात, मी उठले, पदरानं ठसा पुसून घेतला. म्हनलं, हिला वाटतंय मला दिसू नये, तर न्हाई दिसलं."

चौदा वर्षं! पुष्पावती मटकन खाली बसली. आपण सासूपासून लपवतोय असं आपल्याला वाटत होतं, आणि ती आपल्यासाठी आपलं लपवणं लपवत होती. 

"आन् हे म्हाईत असून तू नातीला पळवलीस?" गोरक्षनाथचा आवाज आता भांडणाचा नव्हता, लहान पोराचा होता.

"मी कोन पळवनारी? तुला तरी मी धाडला हुता का? तू म्हनलास जातो. ती म्हनली जाते. मला काय जमतं? मी चपला काढते. पन आरं, चोवीस वर्सं काढली, आता माझ्यानं पुढली न्हाई व्हायची. गुडघं बोलत्यात. मधीच मी गेले तर काय, इना खाली टेकवायची?" ती सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली. "म्हनून न्हाई घातल्या. पहारा बदलायला कुनी आलंच न्हाई तर इनेकऱ्यानं जायचं कसं घरला?"

 मग पुष्पावतीने लेकीला जवळ बोलावलं. चिंचरंगी साडीचा काठ पायाखाली येत होता, तो तिने वर खोचून दिला.

"भ्या वाटत न्हाई का गं?"

"वाटतं मम्मी. पप्पांचा पाय बघून तर लईच वाटतं." दिशाने हातातल्या कागदाची घडी पुन्हा नीट केली. "तरी जायचंय."

तिचं 'तरी' पुष्पावतीने ऐकलं आणि तिला कळलं की ही पोर गेलेलीच आहे, अडवायचं ते फक्त शरीर उरलं आहे. ती उठली. दारापाशी गेली. आपल्या चपला तिने काढून भिंतीशी जोडून ठेवल्या. आता मीच. अकरा दिवसांचं सुख होतं, तेवढं खाऊन झालं.

"तू न्हाई." गोरक्षनाथ उठून मागे आला होता, एक पाय उघडा, एकात मोजा. त्याने खाली बसून तिच्या चपला पुन्हा तिच्या पुढ्यात सरकवल्या. "तुझं लई झालं. तू चपला घालून सुदिक त्या फोनपाशी उभीच हुतीस." मग त्याने दुसरा मोजा उतरवला, दोन्हीची गुंडाळी केली आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोमागे खोचून टाकली. "माझी पोर हाय. पहारा माझा."

दिशा बापाच्या गळ्यात पडली तशी चंद्रकलाही रडायला लागली, आणि रडता रडता नवऱ्याला म्हणाली, "जावा आता, पाहुन्यांना सांगून या."

"काय सांगू?"

"सांगा, पोरगी चालली पलटनीत. चार वर्सं दम धरायचा असंल तर धरा, न्हाई तर अजून बुंदी वाढून घ्या."

*

मंदिरातून चपला गोरक्षनाथने स्वतः आणल्या आणि दारातच आईच्या पायात घातल्या. या वेळी राहीबाईने पाय मागे घेतला नाही. तिने आधी जपमाळ काढून मुलाच्या गळ्यात घातली, मग वाकून, मुलगा "आगं आगं" करत असताना, त्याच्या पाया पडली. पहारा देऊन जाणारा वीणेकरी पडतो तशी.

मग ती चालायला उठली आणि सगळ्यांची धांदल उडाली. चोवीस वर्षं दगडगोट्यांतून सरळ चाललेली म्हातारी मऊ चपलांत लटपटू लागली. पाऊल टाकताना ती ते गुडघ्यापर्यंत उचलत होती, पाण्यातल्या बगळ्यासारखं.

"चावत्यात गं ह्या! कुनी मोजल्या?"

"मी," चंद्रकला म्हणाली. "सुतळीनं."

"तिरडीसाठी मोजल्या व्हय?"

जावा-जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि रडता रडता दोघी खदखदून हसल्या. एका हाताला दिशा, दुसऱ्या हाताला भागवत, अशी मिरवणूक पंगतीकडे निघाली. भिमाजीबुवा समोरून येत होते. त्यांनी राहीबाईच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या गोरक्षनाथच्या उघड्या पायांकडे पाहिलं. वाट सोडून ते बाजूला झाले आणि "रामकृष्ण हरी" म्हणाले.

पुष्पावती सगळ्यांच्या मागे होती. टँकरने भिजवलेली वाट अजून ओली होती. तिच्यापुढे चपलांचे सपाट, वेडेवाकडे ठसे पडत होते, आणि त्यांच्या शेजारी अनवाणी पावलांचे. उजव्याला पाच बोटं. डाव्याला तीन.

मागून पंगतीला निघालेले लोक येत होते. कुणीही बघेल. पुष्पावती वाकली, पदर मुठीत घेऊन पहिल्या ठशापर्यंत तिचा हात गेलाही.

मग तिने पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला, आणि तो ठसा मोडू नये म्हणून बाजूने पाय टाकत पुढे गेली.